आधी इंजिन बघा, मग डबा

पाऊस ओसरला की जुन्या फोर बाय फोर गाड्यांची पत्रं वाढतात. या महिन्यातल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न आहे, इंजिन ऑइल कोणतं टाकावं? सगळी पत्रं छापणं शक्य नाही, म्हणून चार निवडली. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण ज्यांच्याकडे जुनी डिझेल जीप आहे त्या सगळ्यांनाच ते उत्तर उपयोगी पडेल. गॅरेज हाती घेण्याआधी मी तेलाच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचं काम केलं आहे. त्यामुळे काही ठिकाणी आकडे येतील. ते तेवढे सोसून घ्या.

ताई, माझ्याकडे १९९२ची महिंद्रा एमएम ५४० डिझेल जीप आहे, वडिलांनी घेतलेली. बागेत खतं-औषधं न्यायला वापरतो आणि अधूनमधून मित्रांबरोबर हरसूल, पेठकडच्या कच्च्या रस्त्यांवर नेतो. इंजिन अजून एकदाही उघडून बांधलेलं नाही. आमचे मेकॅनिक म्हणतात, जुनं इंजिन आहे, २०डब्ल्यू-५० टाका. मुलगा म्हणतो, फुली सिंथेटिक ५डब्ल्यू-३० टाका, थंडीत गाडी पटकन चालू होईल. कुणाचं ऐकू?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड

दादा, दोघांचंही नको. १५डब्ल्यू-४० टाका. डिझेल इंजिनासाठीचं, डब्यामागे एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचा सीएच-४ किंवा सीआय-४ हा दर्जा छापलेलं. मिनरल, म्हणजे साधं खनिज तेल, चालेल. आता कारण सांगते, म्हणजे तुम्हाला घरात आणि गॅरेजात दोन्हीकडे उत्तर देता येईल.

मुलाचं आधी बघू. 'डब्ल्यू'च्या अलीकडचा आकडा तेल थंडीत कसं वागेल ते सांगतो आणि पलीकडचा आकडा गरम इंजिनात कसं वागेल ते. १५डब्ल्यू तेलाची चाचणी उणे २० अंश सेल्सिअसला होते. तेवढ्या थंडीतही सेल्फला इंजिन फिरवता आलं पाहिजे, अशी ती अट आहे. निफाडचा पारा कितीही घसरला तरी उणे २० पासून तो फार लांब असतो. तेव्हा सकाळी तुमची जीप घरघर करते आणि पेटत नाही, त्यात तेलाचा दोष जवळजवळ नसतोच. तुमच्या गाडीत प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन आहे, २११२ सीसीचं. यात डिझेल थेट पिस्टनवर न पडता आधी हेडमधल्या छोट्या चेंबरमध्ये पेटतं. अशा इंजिनाला थंडीत हीटर प्लग लागतात म्हणजे लागतातच. चारपैकी दोन गेले असतील तर अमृत ओतलं तरी गाडी लवकर चालू व्हायची नाही. आधी चारही प्लग तपासून घ्या, बॅटरीची जाड वायर आणि बॉडीचं अर्थिंग घासून घ्या. मुलाला हवं ते त्यातून मिळेल.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. १०० अंशांना ३० ग्रेडच्या तेलाचा घट्टपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असतो, ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९. याखेरीज आणखी एक चाचणी असते, ती दुकानात कुणी सांगत नाही. १५० अंश तापमानात आणि बेरिंगमध्ये तेल जसं वेगाने घासलं जातं तशा स्थितीत त्याचा घट्टपणा किती उरतो, ते त्यात मोजतात. तिथे ५डब्ल्यू-३० ला किमान २.९ सेंटिपॉइज चालतं, १५डब्ल्यू-४० ला किमान ३.७ लागतं. चढावर लो रेंजमध्ये, पहिल्या गिअरमध्ये, ट्रॉलीभर वजन ओढत तुमची जीप चालते तेव्हा वेग नसल्यामुळे रेडिएटरवर वारा येत नाही आणि तेल चांगलंच तापतं. क्रँकच्या बेरिंगला त्या वेळी जो थर मिळायला हवा तो ३० ग्रेडमध्ये कमी पडेल. नव्या गाड्यांची इंजिनं पातळ तेल धरूनच आखलेली असतात, फटी त्या मापाच्या आणि पंपही त्या मापाचे. तुमचं इंजिन त्या काळातलं नाही.

सिंथेटिक वाईट असतं असं मात्र समजू नका. सिंथेटिकने सील गळतात, हेही अर्धंच खरं आहे. सील आधीच कडक झालेले असतात, वर्षानुवर्षांची काजळी त्या फटी बुजवून बसलेली असते. चांगल्या तेलातलं डिटर्जंट ती काजळी धुतं आणि गळती उघडी पडते. मुलाला सिंथेटिकच हवं असेल तर डिझेलचं ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० घ्या, ३० नको. पण जुन्या डिझेलमध्ये तेल खराब होतं ते काजळीने, आणि काजळी मिनरल-सिंथेटिक बघत नाही. महागडं तेल म्हणून ते दुप्पट दिवस चालवाल तर नुकसान तुमचंच. त्याच पैशांत मिनरल दोनदा बदला.

आता मेकॅनिकचं. त्यांचा अनुभव मी नाकारत नाही, पण इथे मला मनापासून विरोध करावासा वाटतो. जुनं इंजिन म्हणजे झिजलेलं इंजिन, असं आपल्याकडे धरूनच चालतात. नाशिकमधल्या द्वारकेच्या आमच्या गॅरेजमध्ये तीस-तीस वर्षांच्या जीप येतात आणि त्यांतल्या कितीतरींचे लायनर, बेरिंग अजून उत्तम असतात. त्यांच्यात केवळ वय बघून ५० ओतणं हा त्या इंजिनावर अन्याय आहे. घट्ट तेलाने मीटरवर प्रेशर वाढलेलं दिसतं आणि मालकाला समाधान वाटतं. पण प्रेशर वाढणं म्हणजे तेल जास्त फिरणं नव्हे. सकाळी थंड इंजिनात घट्ट तेल फिल्टरमधून नीट जात नाही, मग बायपास व्हाल्व उघडतो आणि न गाळलेलं तेल पुढे जातं. वर रॉकरपर्यंत पोचायलाही त्याला वेळ लागतो. इंजिन झिजतं ते सगळ्यात जास्त त्याच सुरुवातीच्या क्षणांत.

२०डब्ल्यू-५० केव्हा टाकायचं, ते इंजिनालाच विचारा. एखादा चढ चढवून गाडी पूर्ण गरम करा आणि आयडलिंगला ठेवा. प्रेशरचा काटा तळाला टेकतो का? गाडीचा मीटर जुना आहे, त्यावर भरवसा ठेवू नका. मेकॅनिककडून मेकॅनिकल गेज जोडून घ्या. हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय, हा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे. मग इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण काढा. भकाभका धूर येतोय का? झाकण तोंडावर उलटं ठेवलं तर उडतंय का? सकाळी निळसर धूर निघतो का, दोन सर्व्हिसच्या मधे वरून तेल घालावं लागतं का? यांतलं काहीच नसेल तर १५डब्ल्यू-४०. गरम असताना प्रेशर खरंच पडत असेल आणि इंजिन बांधायला एखादा हंगाम थांबायचं असेल, तर तेवढ्यापुरतं २०डब्ल्यू-५० घाला. दुखणं त्याने बरं होत नाही, मागे ढकललं जातं एवढंच. द्राक्षाचे पैसे हातात आले की इंजिन उघडून बघा.

सीएच-४, सीआय-४ या अक्षरांवर मी का अडून बसते? 'सी' हा डिझेलचा वर्ग. सीएच-४ १९९८ मध्ये आलं, सीआय-४ २००२ मध्ये, सीके-४ २०१६ च्या अखेरीस. काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता तेलात सुटे ठेवायचं काम या नव्या वर्गांत जुन्या सीएफ-४ पेक्षा कितीतरी चांगलं होतं. तुमच्या इंजिनाला त्याचीच गरज आहे. नवा वर्ग जुन्या इंजिनात चालतो, उलटं मात्र चालत नाही. सीके-४ मिळालं तरी चिंता नको. एफए-४ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर ते घेऊ नका. ते मुद्दाम पातळ केलेलं, नव्या ट्रकांसाठीचं तेल आहे.

बदलायचं कधी? तुमच्याकडे ट्रॅक्टर असेलच. ट्रॅक्टरचं ऑइल तुम्ही तासांवर बदलता, किलोमीटरवर नाही. जीपलाही तोच न्याय लावा. बागेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दिवसभर फिरलेली जीप किलोमीटर फार दाखवत नाही, पण इंजिन दिवसभर चाललेलं असतं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला जेवढे किलोमीटर सांगितलेत त्याच्या निम्म्यावर बदला, आणि किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलाच. जुने मेकॅनिक अजून घाई करायला सांगतात, त्याला कारण आहे. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक खूप असायचं, त्याचं आम्ल होऊन तेल लवकर मरायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखांत दहा भाग आहे. आम्लाची भीती खूपच कमी झाली. राहिली काजळी आणि धूळ.

धुळीवरून एक सांगायचंच आहे. तुमच्या जीपला ऑइल बाथ एअर क्लीनर, म्हणजे तेलाच्या भांड्यातून हवा गाळणारा फिल्टर, असेल तर त्याच्या भांड्यात खुणेपर्यंतच तेल ठेवा. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावरून आल्यावर भांडं उघडा, तळाशी गाळ बसलेला असतो, तो काढून टाका. खुणेच्या वर तेल भरलं आणि गाडी तीव्र चढावर तिरकी झाली तर ते तेल इंजिनात ओढलं जाऊ शकतं, आणि डिझेल इंजिन मग त्या तेलावरच पळत सुटतं, चावी बंद करूनही थांबत नाही. तिकडे इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं तेल मात्र डोंगरात जाण्याआधी तेल मोजायच्या पट्टीच्या वरच्या खुणेवर असू द्या, कारण तिरक्या गाडीत तेल एका बाजूला जातं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. खुणेच्या वर मात्र नको. क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेसाने बेरिंगला आधार मिळत नाही.

नमस्कार. माझी १९९४ची जिप्सी आहे, ९७० सीसी, कार्ब्युरेटरची. दुकानदाराने 'हे जास्त ताकदीचं' म्हणून डिझेलचं ऑइल दिलं. मित्र म्हणतो, पेट्रोलच्या नव्या ऑइलमध्ये झिंक कमी असतं, त्याने कॅम खाल्ला जातो, म्हणून डिझेलचंच बरं. खरं काय?
— गंगापूर रोड, नाशिक

मित्राच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धं. झिंक आणि फॉस्फरसचं ते रसायन कॅम आणि रॉकरच्या घासणाऱ्या पृष्ठभागांवर संरक्षक थर तयार करतं. तुमच्या इंजिनात कॅम रॉकरवर घासून चालतो, त्यामुळे ते हवंच. फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून पेट्रोलच्या तेलाच्या एसएम, एसएन आणि नंतरच्या वर्गांत त्याच्यावर मर्यादा आली. पण ती मर्यादा पातळ ग्रेडना आहे, २० आणि ३० वाल्या. त्याच वर्गातल्या १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. म्हणजे ४० ग्रेड घेतलं की तुमची अडचण मुळातच संपली.

दुकानदाराने दिलेल्या डब्यामागे बघा. सीआय-४ च्या जोडीला एसएल किंवा त्याच्या पुढचं अक्षर असेल, तर ते तेल पेट्रोल इंजिनासाठीही तपासलेलं आहे, बिनधास्त वापरा. नुसतंच 'सी' असेल तर मी तुमच्या गाडीत टाकणार नाही. मारुतीच्या पुस्तकात बाहेरच्या तापमानानुसार ग्रेडचा तक्ता दिलेला असतो. नाशिकच्या हवेला १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० बरोबर बसतं. मोटरसायकलचं तेल मात्र नको. ते ओल्या, म्हणजे तेलात बुडलेल्या क्लचसाठी बनवलेलं असतं आणि तुमचा क्लच कोरडा आहे.

एक गोष्ट आजच करा. पट्टी काढून वास घ्या. या इंजिनावर मेकॅनिकल पेट्रोल पंप असतो. त्याचा डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. तेलाची पातळी न घालता वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालवू नका. आधी पंप बदला, मग तेल.

ताई, आम्ही तिघी मैत्रिणी मिळून जुनी महिंद्रा मेजर जीप घेतली आहे. ऑगस्टमध्ये घोटीजवळ एक ओढा ओलांडताना पाणी बॉनेटपर्यंत आलं. गाडी बंद पडली नाही. नंतर पट्टीवर तेल ताकासारखं पांढुरकं दिसतंय. मेकॅनिक म्हणतात हेड गॅसकेट गेलं. इतका खर्च करायचा का?
— इगतपुरी

अगं, गाडी आधी उभी कर आणि हेड उघडायला लगेच हो म्हणू नकोस. पाण्याची वाट दोन ठिकाणांहून असू शकते. ओढ्याचं पाणी ब्रीदरमधून (आतली हवा जायच्या-यायच्या वाटेतून), पट्टीच्या नळीतून किंवा सीलमधून आत गेलेलं असेल. नाहीतर खरंच गॅसकेट गेलं असेल आणि रेडिएटरचं पाणी तेलात मिसळत असेल. फरक ओळखायचा तर रेडिएटर थंड असताना झाकण काढून बघ. पाण्याची पातळी ओढ्याच्या दिवसापासून कमी होत आहे का? पाण्यावर तेलाचा तवंग आहे का? इंजिन चालू असताना बुडबुडे येतात का? तिन्हींचं उत्तर नाही असेल, तर बहुधा ओढ्याचंच पाणी आहे.

तेलात पाणी आहे की नाही हे प्रयोगशाळेत आम्ही गरम प्लेटवर थेंब टाकून बघायचो. पाणी असेल तर थेंब तडतडतो, नसेल तर गुपचूप पसरतो. कापडाचा ग्लोव्ह आणि चष्मा घालून, स्वयंपाकाच्या नसलेल्या पत्र्यावर, उघड्यावर करायला हरकत नाही. थेंब एकच.

पाणी आहे असं ठरलं की तेल पूर्ण काढा, गाडी रात्रभर तशीच निथळू द्या, फिल्टर बदला. स्वस्तातलं १५डब्ल्यू-४० भरून इंजिन काही मिनिटं फक्त आयडलिंगला चालवा, रेस करू नका. काढा. पुन्हा पांढुरकं निघालं तर पुन्हा तेच. स्वच्छ निघालं की चांगलं तेल आणि नवा फिल्टर. त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी पट्टी बघायची. परत पांढरं झालं तर मेकॅनिकचं म्हणणं खरं होतं, मग हेड उघडा. आणि फक्त भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लोण्यासारखं दिसलं, पट्टी मात्र स्वच्छ असेल, तर ते थंडीत छोट्या फेऱ्यांमुळे साचलेलं दव असतं. एक लांबची फेरी मारली की जातं.

इंजिनापेक्षा मला काळजी खालच्या भागांची आहे. गरम झालेले हाउजिंग गार पाण्यात बुडले की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सीलमधून पाणी आत ओढून घेते. पुढचा आणि मागचा डिफ्रन्शियल, ट्रान्सफर केस, गिअरबॉक्स, चारही ठिकाणचा ड्रेन बोल्ट उघडून घे. पाणी जड असल्याने आधी तेच बाहेर येतं, त्यामुळे लगेच कळतं. डिफ्रन्शियलमध्ये जीएल-५ वर्गाचं गिअर ऑइल, ९० नंबर किंवा ८०डब्ल्यू-९०. गिअरबॉक्समध्ये तेच नको, तिथे जीएल-४. जीएल-५ मधल्या जहाल गंधकाने पितळेच्या सिंक्रो रिंगा खाल्ल्या जातात, आणि मग गिअर टाकताना करकर सुरू होते. 'एकच डबा सगळीकडे' म्हणून सरसकट जीएल-५ भरतात, त्याला तू नाही म्हण. ब्रीदरला लांब रबरी नळ्या लावून त्या बॉनेटच्या वर आणून बांध. पुढच्या पावसाळ्याआधी.

गाडी बोलेरो, जुनी. ऑइल बदललं की दोन दिवसांत काळं होतं. फ्लशिंग करून इंजिन आतून धुवावं का? दुकानात मिळणारी, तेलात घालायच्या रसायनाची बाटली मिसळावी का? आणि काढलेलं ऑइल आम्ही बागेच्या लाकडी खांबांना वाळवीसाठी लावतो, ते ठीक आहे का?
— दिंडोरी

डिझेलमध्ये तेल काळं होणं चांगलं लक्षण आहे, काजळी इंजिनाला चिकटण्याऐवजी तेलात आली आहे. काळेपणावरून नका ठरवू. टिपकागदावर पट्टीचा एक थेंब सोडा आणि तासाभराने बघा. काळा रंग मधून कडेपर्यंत सारखा फिका होत पसरला असेल तर तेल अजून काम करतंय. मधे दाट काळा ठिपका आणि भोवती एकदम स्वच्छ कडं पडलं असेल, तर काजळी धरून ठेवायची त्याची ताकद संपली, बदला. सगळ्यात बाहेर पिवळसर तेलकट कडं दिसलं तर डिझेल मिसळतंय, नोझल आणि फीड पंप तपासून घ्या.

फ्लशिंग ऑइल नको. वर्षानुवर्षांचा चिकटा एकदम सुटला तर पंपाची जाळी बुजते. त्याऐवजी चांगलं सीआय-४ टाकून पहिल्या दोन वेळा लवकर बदला, हळूहळू साफ होईल. बाटलीही नको. तेलात घातलेल्या रसायनांचं प्रमाण मोजूनमापून ठरवलेलं असतं, त्यात आपण आणखी काही ओतून ते बिघडवू नये. पैसे खर्चायचेच असतील तर खात्रीच्या जागेवरून, कंपनीच्या पंपावरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून तेल घ्या. सील बघा, बिल घ्या. रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा, म्हणजे त्यात कुणी बनावट तेल भरून विकणार नाही.

खांबांना लावणं आजपासून बंद करा. वापरलेल्या तेलात शिसं, तांबं आणि जळलेल्या इंधनातून आलेली कर्करोगकारक रसायनं असतात, आणि पावसाबरोबर ती तुमच्याच द्राक्षाच्या मुळाशी उतरतात. हाताला लागलं तर साबणाने धुवा, डिझेलने नको. हे तेल कायद्याने घातक कचरा आहे. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, त्यात पाणी किंवा कूलंट मिसळू देऊ नका, आणि जिथे पुनर्प्रक्रिया करणारे अधिकृत लोक तेल उचलतात त्या गॅरेजमध्ये नेऊन द्या. आमच्याकडे द्वारकेला आणलंत तरी आम्ही घेऊ, त्याचे पैसे लागत नाहीत.